थोरल्याची पोथी

घर, भाऊबंद, मैत्री, वाईट दिवस आणि शेवटी सगळ्यांचं बरं होणं, अशा कादंबऱ्यांना हल्ली लोक नाकं मुरडतात. माझ्या उशाशी असलं पुस्तक दिसलं की धाकटा मुलगा म्हणतो, "काय आई, आज पुन्हा रडायचा कार्यक्रम?" म्हणू दे. मी अजूनही असली पुस्तकं चवीनं वाचते, मनसोक्त रडते आणि डोळे पुसून चहा टाकते. मला त्याची काडीइतकी लाज वाटत नाही. का वाटत नाही, हे मात्र कधी कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. परवा माहेरच्या गावी, वालूरला जाऊन आले आणि सांगावंसं वाटलं.

लग्नाचं निमित्त होतं. मांडवात बसून कंबर आखडली, तशी भाचीला घेऊन आमची जुनी गल्ली बघायला निघाले. आमचं घर काही मोठं नव्हतं. माळवदाच्या तीन खोल्या, पुढं ओसरी, मागं परसात शेवग्याचं झाड. आता तिथं पिठाची गिरणी आहे. जिथं आमचं माजघर होतं तिथं गिरणीचा पट्टा गरगरा फिरत होता आणि ज्वारीच्या ताज्या पिठाचा ऊन वास दारापर्यंत येत होता. गिरणीवाल्या पोराला मी मोठ्या कौतुकानं म्हटलं, "अरे, इथं बसून आम्ही कादंबऱ्या ऐकायचो!" त्यानं कानाला हात लावला आणि ओरडून विचारलं, "किती किलो, आजी?"

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि लढाईचे दिवस होते. लढाई कुठं चाललीय ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पण तिच्यापायी रॉकेल मिळत नाही, लुगडी मिळत नाहीत आणि खळ्यावरची ज्वारी सरकारच्या लेव्हीत जाते, एवढं गल्लीतल्या पोरासोरांनाही कळत होतं. आईच्या लुगड्याला इतकी ठिगळं होती की मूळचा रंग कुठला, यावर आम्हा पोरींची भांडणं व्हायची. संध्याकाळी दिवा लावायचा तो जेवणापुरता. त्यामुळं जे काही वाचायचं ते दुपारच्या उजेडात, माजघराच्या खिडकीशी. ती खिडकी ओसरीकडे उघडायची.

वाचणाऱ्या होत्या मास्तरीणबाई. शाळामास्तरांची बायको म्हणून सगळं गाव त्यांना मास्तरीणबाईच म्हणायचं. त्या वऱ्हाडातल्या. लग्नात माहेरहून त्यांनी कादंबऱ्यांनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक आणली होती. ती उघडली की डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा असा काही वास यायचा की आम्ही पोरी डोकं आत घालून बसायचो. गावातली शाळा उर्दूतली आणि तीही मुलग्यांची. आमच्या घरातल्या एकाही बाईला अक्षरओळख नव्हती. मास्तरीणबाई एकट्या बसून कंटाळायच्या, आमच्या बायका गोष्टीला आसुसलेल्या. जमलं.

अडचण होती ती आबांची. आबा म्हणजे माझे आजोबा. माणूस वाईट नव्हता, पण घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. काकांनी एकदा परभणीहून एक कादंबरी आणली होती, ती आबांनी उघडूनही न बघता चुलीत घातली. "असली पुस्तकं ऐकून बायामानसं वाया जातेत," एवढं म्हणाले आणि त्याच जाळावर दूध तापवायला सांगितलं.

मग आईनं तोड काढली. कादंबरी पोथीच्या लाल फडक्यात गुंडाळायची. पोथी ठेवायची लाकडी ठवणी कोनाड्यातून काढायची, तिच्यावर पुस्तक मांडायचं, वर परसातलं एखादं फूल वाहायचं. आबांना सांगितलं, दुपारी पोथी लावलीय. आबा खूश झाले. सेलूच्या बाजारातून त्यांनी उदबत्तीचा पुडा आणून दिला, आणि त्या उदबत्तीच्या वासात आम्ही नवऱ्याबायकोची भांडणं, फसलेली लग्नं आणि हरवलेली पोरं ऐकत बसलो.

खरं तर बायकांनी त्या पुस्तकांना पोथीच करून टाकलं होतं. बसायच्या आधी पुस्तकाला हळदकुंकू. उठताना नमस्कार. पहिल्या पानावर चित्र असेल तर ते आठवडाभरात हळदीखाली दिसेनासं व्हायचं. मास्तरीणबाई सुरुवातीला पदराआड हसायच्या, नंतर नंतर त्याही हात जोडूनच पान उघडायला लागल्या. हिवाळ्यात समोर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग असायचा, फोडता फोडता ऐकायचं. कापसाच्या दिवसांत बोंडं निवडता निवडता. रडण्यासारखा भाग आला की सगळ्यांचे हात थांबायचे आणि त्या दिवशी काम अर्धंच व्हायचं.

त्यातली एक कादंबरी माझ्या मनातून अजून जात नाही. तिचं कव्हर फाटलेलं, त्यामुळं नाव मला आजही ठाऊक नाही. आम्ही तिला 'थोरल्याची पोथी' म्हणायचो. आईबापामागं एक थोरला भाऊ धाकट्याला लहानाचा मोठा करतो, त्याचं लग्न लावून देतो आणि मग घराच्या वाटण्या होतात. थोरल्याचं पोरगं तापानं फणफणतं. थोरल्याच्या बाजूला उभा राहतो तो फक्त त्याचा एक गाडीवान मित्र. पोराचा ताप वाढला तिथंच एकदा मास्तरीणबाई थांबल्या, त्यांना स्वयंपाकाला जायचं होतं. शेजारची रखमाआत्या तशीच उठली आणि शिवेवरच्या देवीला नारळ बोलून आली. दुसऱ्या दिवशी पोराचा ताप उतरला. रखमाआत्या नारळ फोडायला निघाली, तशी मास्तरीणबाईंनी तिला समजावलं, "अहो, हे घडलेलं नाही. कोणीतरी मनानं लिहिलेलं आहे."

"लिवलं असंल," रखमाआत्या म्हणाली. "ताप तर उतरला का न्हाई?"

तिच्या त्या नारळाचं खोबरं आम्ही सगळ्यांनी खाल्लं. मास्तरीणबाईंनीसुद्धा.

या बैठकीत सगळ्यांत पुढं बसायची ती माझी सोनाकाकू, धाकट्या काकांची बायको. लहानपणी मुदतीच्या तापात तिचे कान गेले होते. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार कळायचं. पण कामाच्या घरात कुणाला एवढी सवड? घरातली माणसं तिच्याशी हातवाऱ्यांनीच बोलायची. पाणी आण, भाकरी टाक, म्हशीला वैरण घाल. तेवढं बोलणं तिला पुरेसं आहे, असं सगळ्यांनी आपल्याशी ठरवून टाकलं होतं. बायका गप्पा मारायला बसल्या की काकू प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत राहायची. सगळ्या हसल्या की हसायची, पण जरा उशिरा. ते उशिराचं हसू मला बघवायचं नाही.

मास्तरीणबाईंनी तिला आपल्यासमोर, ठवणीला गुडघे टेकतील इतकं जवळ बसवलं होतं. ओठांची हालचाल दिसावी म्हणून. वाचताना त्यांना शब्दाखालून बोट फिरवायची सवय होती. काकूची नजर एकदा ओठांवर, एकदा बोटावर. माझी आईच एकदा म्हणाली, "तिला ऐकू तर यायना, बसती कामून ती?" त्यावर मास्तरीणबाई त्यांच्या वऱ्हाडी बोलीत म्हणाल्या, "बसून राहिली तर बसू द्या नं. तुमचं काय खाऊन राहिली?"

आणि मग हळूहळू एक गंमत व्हायला लागली. काकू आमच्याआधी हसायची. मास्तरीणबाई ओळ वाचायच्या आत तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलेलं असायचं. थोरल्याचं पोरगं आजारी पडलं त्या दिवशी आम्ही अजून शेंगा फोडत होतो आणि काकूच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बायका एकमेकींना खुणा करायच्या, "उगं रडायलीय." मलाही तसंच वाटलं. पण एवढं मला त्या वयातही दिसत होतं की त्या दुपारच्या वेळात काकू आमच्यातली एक असते. तिचे खांदे सैल पडायचे, ती मांडी घालून ऐसपैस बसायची, मला जवळ ओढून माझ्या केसांतून हात फिरवायची. दिवसभरात दुसऱ्या कुठल्याच वेळी ती अशी नसायची.

थोरल्याची पोथी अर्धी झाली आणि मास्तरांची बदली झाली, पार वरंगळच्या बाजूला. सेलूच्या स्टेशनावर जायला बैलगाडी दारात उभी राहिली. बायकांनी मास्तरीणबाईंची ओटी भरली, सगळ्या रडल्या. त्यांनी ती कादंबरी आईच्या हातात दिली. "राहू द्या तुमच्याजवळ. कोणी ना कोणी वाचून दाखवेल." पण कोण दाखवणार? पुरुषांना सांगावं तर पोथीचं बिंग फुटणार. सोनाकाकूनं मास्तरीणबाईंचा हात धरला तो सोडेचना. शेवटी आईनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

पुस्तक लाल फडक्यात कोनाड्यात गेलं. उन्हाळा आला. शेवयांचे पाट मांडले गेले, अंगणभर गव्हाच्या ओल्या पिठाचा वास. हात चालायचे आणि तोंडंही चालायची. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या जावयाचं काय. काकू पुन्हा कडेला जाऊन बसली. आता ती कुणाच्या तोंडाकडेही बघेनाशी झाली, सगळ्या हसल्या तरी हसेना. खालच्या मानेनं शेवया वळायची आणि उठून गोठ्यात जायची. माझी काकू डोळ्यांदेखत आमच्यातून निघून चालली होती आणि ते थांबवायला मास्तरीणबाई हव्या होत्या. मी देवाजवळ त्यांची बदली परत मागायचे. दुसरा काही उपाय मला सुचत नव्हता.

एका दुपारी बायका अशाच माजघरात टेकल्या होत्या. काकू आली, तिनं कोनाड्यातून ठवणी काढली, लाल फडकं सोडलं, पुस्तकाला हळदकुंकू लावलं आणि मास्तरीणबाईंच्या जागी जाऊन बसली. बायका बघतच राहिल्या. काकूनं खुणेचं मोरपीस होतं ते पान उघडलं आणि पुस्तक ठवणीवर उलटं ठेवलं. चांगलं डोकं खाली पाय वर.

"अगं सोने, उलटं धरलंस की," म्हणत रखमाआत्या उठली आणि तिनं पुस्तक सरळ करून दिलं. काकूनं ते पुन्हा फिरवलं. मग आपल्या पोटाजवळच्या ओळीवर, उजव्या टोकाला बोट टेकलं आणि डावीकडं सरकवायला लागली.

"आता गं बया! उर्दू वाचायलीय का काय ही?" आई म्हणाली आणि बायका फिदीफिदी हसल्या.

काकूनं वाचलं.

आधी एक शब्द, मग अडखळून दुसरा. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठ हलवून बघायची, मग पुढं जायची. पण ती वाचत होती. थोरला, त्याची बायको, तो गाडीवान, सगळे तिच्या तोंडून बाहेर येत होते. हसणाऱ्या बायकांची तोंडं उघडीच राहिली. मास्तरीणबाईंच्या समोर बसून बसून काकू वाचायला शिकली होती आणि समोर बसल्यामुळं तिला अक्षरं उलटीच ठाऊक होती. सरळ पुस्तक तिच्या हातात दिलं असतं तर तिला एक ओळ लागली नसती. जे कानांना मिळालं नाही ते तिनं डोळ्यांनी उचललं होतं, आम्हा सगळ्या धडधाकट कानांच्या बायकांच्या नाकासमोर, आणि आम्ही शेंगा फोडत बसलो होतो! मला एवढा आनंद झाला की मी उठून टाळ्याच वाजवल्या.

तो आनंद फार वेळ टिकला नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा हे कळत नाही. मास्तरीणबाई खालच्या सुरात वाचायच्या. काकूचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. आणि मधे फक्त एक उघडी खिडकी, पलीकडं ओसरीवर आबा सुपारी कातरत बसलेले. काकू वाचत होती त्यात देवाचं एक नाव नाही की एक ओवी नाही. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं ओठांवर बोट ठेवलं, रखमाआत्यानं दोन्ही हात हलवले. पण काकूचे डोळे पुस्तकात. आईनं तिचा गुडघा दाबला. काकूला वाटलं, शाबासकी दिली. तिनं आवाज आणखी चढवला.

अडकित्त्याचा आवाज बंद पडला. वहाणा वाजल्या. आबा माजघराच्या दारात येऊन उभे राहिले. बायका पदर सावरत भिंतीला लागल्या. शेजारच्या खोलीत चूल पेटलेलीच होती, माझं लक्ष सारखं तिकडं जात होतं.

काकू वाचत होती. थोरला घर सोडून निघतो, तो भाग होता. पहाटे गाडी दारात येते. बायको पोराला घेऊन गाडीत बसते. थोरला घरातलं काही घेत नाही. वेशीपर्यंत गेल्यावर तो गाडी थांबवतो, चालत माघारी येतो आणि परसाचं फाटक कडी घालून नीट लावतो. धाकट्यानं लावलेली वांग्याची रोपं गुरांनी खाऊ नयेत म्हणून.

आबा तसेच उभे होते. आबांना सोनपेठला एक थोरले भाऊ होते. त्यांचं नाव आमच्या घरात निघत नसे. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची छाती नव्हती. पुढं सोनपेठची बैलगाडी आमच्या दारात येऊन सुटायला लागली आणि एक पांढऱ्या मिशांचे आजोबा आम्हाला शेंगदाण्याचे लाडू आणायला लागले, ती हकीकत निराळी. त्या दुपारी मी एवढंच पाहिलं की आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते ओसरीवर परत गेले. काकूला ते आलेले आणि गेलेले, दोन्ही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायका भीतभीतच जमल्या. बाहेर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. मी ओसरीवर जाऊन बघितलं. आबांनी आपली बाज उचलून बरोबर खिडकीखाली आणून टाकली होती आणि ते भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेत होते.

मी आत येऊन सांगितलं. आई आधी हसली, मग रडली. मग तिनं उदबत्ती लावली.

परवा गिरणीत उभी होते तेव्हा मी ती खिडकी शोधत होते. बुजवून टाकलीय. पण जागा माझ्या ध्यानात आहे. त्या खिडकीतून माझ्या काकूचा आवाज बाहेर जायचा आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना सुपारी खायला एकाएकी आमचीच ओसरी आवडायला लागली. आबांच्या बाजेवर जागा पुरेना, तशी घोंगडी अंथरली गेली. कुणी विचारलं तर पोथी ऐकायला आलोय म्हणायचे. आता काकूच्या तोंडाकडं सगळ्या बघायच्या. शेवया वळताना तिच्या वाटणीच्या शेवया दुसऱ्या बायका वळायच्या. तिच्याशी बोलायचं असलं की तिच्यासमोर येऊन, ओठ दिसतील असं बोलायला आम्ही सगळे शिकलो. ती आमच्याबरोबर हसायला लागली, आमच्याच वेळेला. मीही तिच्यापुढं बसून अक्षरं शिकले. तिचं पुस्तक उलटं, त्यामुळं माझ्याकडून ते सरळ दिसायचं. त्या आधारानं मी आयुष्यभर वाचत आले आहे. म्हणून म्हणते, असल्या कादंबऱ्यांना माझ्यासमोर कुणी नावं ठेवू नयेत.

थोरल्याची पोथी संपत आली होती. त्या दुपारी धाकटा गावोगाव हिंडून थोरल्याच्या दाराशी येऊन पोचला. पाऊस, चिखल, अंगावरचे कपडे फाटलेले. आतून दिव्याचा उजेड. धाकट्यानं कडी वाजवायला हात उचलला आणि प्रकरण संपलं. काकूनं मोरपीस ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

खिडकीबाहेर बाज करकरली. आबा आत आले. आबा काकूशी तोपर्यंत एकदाही बोलले नव्हते. सासऱ्यानं सुनेशी समोरून बोलायची आमच्यात रीत नव्हती. काही सांगायचंच झालं तर मला किंवा आईला सांगायचे. त्या दिवशी ते थेट ठवणीसमोर आले, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि तिला ओठ दिसतील असे सावकाश म्हणाले,

"सोनाबाई, थोरल्यानं दार उघडलं का?"

खिडकीत म्हाताऱ्यांच्या पागोट्यांची दाटी झालेली. काकूनं त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. पदर डोक्यावर पुढं ओढला, पुस्तक लाल फडक्यात बांधलं, गाठ मारली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सासऱ्याला सांगितलं,

"उद्या."

आणि ज्यांचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे ते आमचे आबा, "बरं बाई," म्हणून मुकाट्यानं बाजेवर जाऊन बसले.